कमी धावलेली म्हणजे जपलेली नव्हे

मर्सिडीज-बेंझने 1971 ते 1989 या काळात ‘आर 107’ मालिकेतल्या उघड्या टपाच्या सुमारे 2 लाख 37 हजार एसएल गाड्या बनवल्या. अशी गाडी विकताना मीटरवरचे कमी किलोमीटर अभिमानाने दाखवले जातात. पण उभी गाडीही म्हातारी होते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, टाकीतले पेट्रोल शिळे होऊन चिकट थर धरते, रबर तडकते. पुलगावसारख्या उष्ण गावात तर वैशाखात पारा 45 अंशांकडे जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. कापडी टप आणि त्याच्या कडेची रबरी पट्टी यांना हा फेरा फार जड जातो. कमी धावल्याने इंजिनची झीज कमी होते, हे खरेच. तरीही नियमित फिरवलेली, वेळेवर तेल बदललेली गाडी मला वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीहून अधिक भरवशाची वाटते. 2021 च्या केंद्रीय नियमांतली व्हिंटेज गाडीची व्याख्याही किलोमीटरवर नाही, तर 50 वर्षांहून अधिक वय आणि टिकवलेले मूळ रूप यांवर उभी आहे. तेव्हा घेणाऱ्याने मीटर पाहण्याआधी देखभालीची जुनी बिले मागावीत, टप उघडून-मिटून पाहावा आणि पायाखालचा गालिचा उचलून गंज तपासावा.