चिखलीच्या अंगणातली पानगळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

माघ सरत आला की चिखली परिसरातली झाडं उघडी पडू लागतात. बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातल्या सागाखाली तांबूस पानांचा जाड थर साचलेला दिसतो. गावात कडुनिंब, पिंपळ, देशी बदाम रोज रात्रीतून अंगण भरून टाकतात. सकाळी खराटे निघतात, ढीग लागतात आणि दिवस मावळायच्या आत त्यातल्या बऱ्याच ढिगांना काडी लावलेली असते. ज्या पानांनी वर्षभर सावली दिली, त्यांच्याबद्दल आपल्या मनात इतके गैरसमज आहेत की त्यांचं देखणेपण आणि त्यांचा उपयोग दोन्ही आपण धुरात घालवतो. त्यातले नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १: पानं थंडीमुळे गळतात.

वस्तुस्थिती: युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्याआधी दिवस लहान होतात, गारठा वाढतो आणि झाडं पानं टाकतात. आपल्याकडे त्या महिन्यांत झाडं हिरवीगार असतात. दसऱ्याला आपण आपट्याची हिरवी पानंच वाटतो. विदर्भातली पानगळ मुख्यतः माघ-फाल्गुनातली, आणि तिचं मोठं कारण पाण्याची ओढ. पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जमिनीचा वरचा थर कोरडा पडतो. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी मात्र सतत उडत असतं. हा खर्च थांबवायला झाड पानंच उतरवतं. म्हणूनच नाल्याकाठची किंवा विहिरीजवळची झाडं बरड माळावरच्या झाडांपेक्षा उशिरापर्यंत हिरवी राहतात.

गैरसमज २: पानं झडली म्हणजे झाड वाळलं किंवा रोग पडला.

वस्तुस्थिती: पान आपोआप तुटत नाही, झाड ते सोडतं. पानाचं वय झालं की त्यातून देठाकडे येणारं ऑक्सिन हे संप्रेरक कमी होतं, इथिलीनचा प्रभाव वाढतो आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर सुटा होतो. त्याच्या आतल्या बाजूला झाड जखम बुजवणारा थर तयार करतं. त्याआधी एक महत्त्वाचं काम उरकलेलं असतं: पानातलं सरासरी निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद झाड खोडात व फांद्यांत परत ओढून घेतं.

झाड जिवंत आहे का, हे पाहायचं असेल तर कोवळ्या फांदीची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर काळजी नको. निष्पर्ण झाडाला घाबरून रोज पाणी घालण्याचीही गरज नाही; काळ्या चिकण मातीत मुळांशी पाणी तुंबलं तर उलट मुळं कुजतात. पळस आणि काटेसावर तर पानं टाकल्यावरच फुलतात, त्यामुळे त्यांची फुलं पक्ष्यांना आणि मधमाश्यांना लांबून दिसतात.

गैरसमज ३: पानगळीचे रंग पाहायला काश्मीरलाच जावं लागतं.

वस्तुस्थिती: चिनाराचं सौंदर्य मोठंच आहे, पण रंगाचं रसायन आपल्या अंगणातही तेच. पानातलं हरितद्रव्य विघटित झालं की आधीपासून असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्यं उघडी पडतात. लाल रंग देणारं अँथोसायनिन मात्र पानात शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार होतं. देशी बदामाचं गळायला आलेलं पान निरखून बघा: एकाच पानावर हिरवा, पिवळा, शेंदरी आणि गर्द लाल रंग दिसतो. पिंपळ पिवळा होऊन गळतो, साग तपकिरी होतो.

आपल्याकडे आणखी एक रंगसोहळा असतो, तो पानगळीला लागूनच. पिंपळाची, मोहाची, कुसुमाची कोवळी पालवी तांबूस असते. जुनी पानं जमिनीवर पिवळी पडलेली आणि वर नवी तांबडी, असं दृश्य फाल्गुन-चैत्रात पिंपळाखाली उभं राहून पाहता येतं. पावसाळ्यानंतर पडून राहिलेल्या पिंपळपानाची नाजूक जाळी कित्येकांनी लहानपणी वहीत जपली असेल. शिरांमध्ये लिग्निन जास्त असतं, म्हणून त्या उशिरा कुजतात. मधला मऊ भाग आधी जातो आणि जाळी उरते. हे कोरीवकाम बुरशी आणि जिवाणूंचं.

गैरसमज ४: पाचोळा म्हणजे कचरा, अंगण मातीपर्यंत झाडलेलं असावं.

वस्तुस्थिती: बुलढाणा जिल्ह्याला पाणीटंचाई नवी नाही, आणि उघडी माती पाणी सर्वांत लवकर गमावते. चार बोटं जाडीचा पाचोळा झाडाच्या आळ्यात पसरला तर ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण कमी उगवतं आणि वळवाच्या पावसाचे थेंब मातीवर आदळून ती दडपत नाहीत. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगाही कमी होतात.

हे शहाणपण आपल्याच भागातलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीची जी चार सूत्रं मांडली, त्यात जीवामृत, बीजामृत आणि वाफसा यांच्या बरोबरीनं आच्छादन आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून काडीकचऱ्यावर बागा कशा उभ्या राहतात, हे सामान्य माणसांना दाखवलं. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमातून ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे, अशा माणसांची गाठ घालून दिली जाते.

शिवाय पाचोळ्याखाली एक जग नांदत असतं. गांडुळं, गोमा, वाणी, किड्यांच्या अळ्या आणि कोष तिथं असतात. सातभाईंचा थवा कलकलाट करत पानं उलथीपालथी करतो, तो याच खाद्यासाठी. अंगण लख्ख झाडलं की त्यांची ही शिकारीची जागाच जाते.

गैरसमज ५: पाला जाळला की राखेचं खत मिळतं.

वस्तुस्थिती: राखेत पालाश आणि चुना उरतो हे खरं. पण पानातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ सगळा हवेत जातो, आणि आपल्या जमिनीला सर्वांत जास्त गरज कर्बाचीच असते. काळी माती मुळातच विम्लधर्मी. तिच्यात राख ओतत राहिल्यानं तो गुण वाढतो. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात, आणि दमेकरी, लहान मुलं व म्हातारी माणसं यांना त्याचा त्रास आधी होतो. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या जाळण्यासाठी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात जाळण्यासाठी २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. जंगलाजवळच्या वावरांत तर धुऱ्यावरची एक ठिणगी वाळलेल्या सागपानांतून किती लांब जाईल, हे वाऱ्यावर अवलंबून असतं.

गैरसमज ६: पाचोळ्यानं साप, डास आणि वाळवी येतात.

वस्तुस्थिती: यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट समजून घ्यायला हवं. डासांना अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं. टायर, कुंडीखालची ताटली, उघडी टाकी या त्यांच्या खऱ्या जागा आहेत. साप उंदीर-बेडकांच्या मागे येतो; मोठा, जुना ढीग त्याला आडोसा देऊ शकतो. म्हणून ढीग घराच्या भिंतीपासून लांब ठेवा, त्यात उघडा हात घालू नका, काठी किंवा फावडं वापरा. वाळवी मुख्यतः मेलेलं लाकूड आणि सुका पाला खाते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली आणि पाला लाकडी चौकटींपासून दूर ठेवला की धोका बराच कमी होतो.

गैरसमज ७: कडुनिंबाच्या किंवा सागाच्या पाल्यानं जमीन बिघडते.

वस्तुस्थिती: कुजून तयार झालेलं पानांचं खत कडुनिंबाचं असो वा सागाचं, मातीला धार्जिणंच असतं. अडचण वेगळीच आहे. वाळलेल्या पानांत कर्ब फार आणि नत्र कमी असतं. असा कोरा पाला थेट मातीत गाडला तर त्याला कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र वापरतात आणि रोपं काही काळ पिवळी पडतात. पाला वरून पसरला तर हा त्रास जवळपास होत नाही. गाडायचाच असेल तर आधी शेणकाल्यात कुजवावा. बुरशीचे डाग पडलेली, रोगट पानं मात्र त्याच झाडाखाली ठेवू नयेत.

मग करायचं काय?

रस्त्यावरचा, नालीतला आणि दारासमोरचा पाला उचलावाच लागतो. तो वेगळा गोळा करा, त्यात प्लॅस्टिक जाऊ देऊ नका. तीन-चार फूट रुंदीचं तारेच्या जाळीचं गोल कडं अंगणाच्या कोपऱ्यात उभं करा, त्यात पाला दाबून भरा आणि मधूनमधून शेणकाला व भाजीपाल्याचा ओला कचरा घाला. घरातलं वापरलेलं पाणी साबणाविना असेल तर तेही चालेल. ओल टिकवली आणि महिन्यातून एकदा वर-खाली केलं तर चार-सहा महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत हाती येतं. नुसता पाला आणि पाणी असेल तर वर्षभर लागतं. फाल्गुनात भरलेलं कडं मृगाच्या पेरण्या आटोपल्यानंतर कुंड्यांना आणि परसातल्या वेलांना कामी येतं.

आणि झाडाखालची निदान एक जागा न झाडता राहू द्या. शाळेचं आवार, वसाहतीतली मोकळी जागा, देवळामागचा पार, कुठंही हे करता येईल. स्वच्छता म्हणजे माती उघडी पाडणं, ही समजूत सोडली तर चिखलीतल्या मुलांना पानांचे रंग आणि ती मातीत कशी मिसळतात हे दाखवायला कुठं लांब न्यावं लागणार नाही, आणि झाडानं मातीसाठी टाकलेलं मातीलाच मिळेल.