भिंतीवरची लहान पेटी

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडले, की थोड्याच वेळात भिलाईच्या कारखान्याची धुराडी दिसू लागतात. 1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या प्रदेशात एक पोलादनगरी उभी राहिली. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. त्या पिढीचा गावाकडच्या घराशी संबंध राहिला तो टपालाने, आणि फारच निकडीचे काम असले तर ट्रंक कॉलने.

आज चित्र उलटे झाले आहे. सेक्टरांतील त्या घरांत वाढलेली मुले शिकून पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेली, आणि वाट पाहणारी वडील माणसे भिलाईत राहिली. संध्याकाळी नातवाचा चेहरा दिसतो तो मोबाइलच्या काचेवर. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा हयातीचा दाखला 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेखाली घरबसल्या देता येतो. विजेचे बिल, डॉक्टरांचा अहवाल, बँकेचा व्यवहार हे सारे ज्या वाटेने ये-जा करते, ती वाट बैठकीच्या भिंतीवर टांगलेल्या पुस्तकाएवढ्या एका पेटीतून जाते. तिच्यावरचा हिरवा दिवा लाल झाला की घर मुके होते. तरीही घरातल्या शिवणयंत्राची किंवा सायकलीची जेवढी माहिती घरच्यांना असते, तेवढीही या पेटीची नसते. बसवणारा मुलगा येतो, दहा मिनिटांत तारा जोडतो, ‘झालं काका’ म्हणतो आणि निघून जातो.

या पेटीत वस्तुतः दोन कामगार एकत्र राहतात. पहिला मोडेम. त्याचे नाव दोन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनले आहे, आणि संदेशावर वाहक लहरीचे रूप चढवणे व ते पुन्हा उतरवणे हे त्याचे काम. दुसरा राउटर, म्हणजे वाटा दाखवणारा. पुण्याच्या जुन्या वाड्याची कल्पना केली म्हणजे या दुसऱ्याचे काम ध्यानात येते. वाड्याचा पत्ता एकच, बिऱ्हाडे मात्र अनेक. टपाल दिंडीदरवाजापर्यंत येते. तेथे बसलेला दिवाणजी कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे ते पाहून आत पोचवतो, आणि आतून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर वाड्याचाच पत्ता घालतो. राउटर हेच करतो. बाहेरच्या जगाला घराचा एकच क्रमांक दिसतो. आत आजोबांचा मोबाइल, नातीचा संगणक आणि दूरचित्रवाणी यांना राउटरने आपापले खाजगी क्रमांक दिलेले असतात. ही तोड निघाली ती टंचाईतून. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे 430 कोटीच पत्ते शक्य आहेत, आणि जगातील यंत्रे त्याहून कितीतरी अधिक झाली.

मोडेमचे काम काळाबरोबर पालटले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले. तेव्हा मोडेम टेलिफोनला जोडून क्रमांक फिरवावा लागे, आणि जोडणी चालू असेपर्यंत टेलिफोन अडकून पडे. 2005 च्या जानेवारीत भारत संचार निगमाने ब्रॉडबँड आणले, तेव्हा तीच तांब्याची तार एकाच वेळी दोन कामे करू लागली. माणसाचे बोलणे तारेतून जाते ते सेकंदाला चार हजारांहून कमी कंपनांच्या पट्ट्यात. त्याच्या बऱ्याच वरचा पट्टा रिकामा होता, तो संदेशांना दिला. दोन्ही वेगळे करण्यासाठी टेलिफोनजवळ आगपेटीएवढी एक डबी बसवीत. ती न बसवता टेलिफोन जोडला की बोलताना खरखर येई आणि इंटरनेट तुटे. अनेक घरांत या खरखरीचा दोष उगाच तारेला मिळाला. तांब्याचा खरा दोष निराळा होता. टेलिफोन केंद्रापासून घर तीन-चार किलोमीटर दूर गेले की लहरी क्षीण होत आणि वेग कोसळे.

आता तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. हा तंतू केसाहून किंचित जाड असतो. प्रकाश वाहतो तो त्याच्या मधल्या गाभ्यातून, आणि त्या गाभ्याची जाडी सुमारे नऊ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा लहानसा अंश. काचेच्या भिंतींवर आतल्या आत परावर्तित होत प्रकाश वळणावळणाने पुढे सरकतो. हे घडवून दाखवणाऱ्यांत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह केलेले त्यांचे काम 1954 साली प्रसिद्ध झाले. पुढे चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये दाखवले, की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर जाऊ शकेल, आणि त्याबद्दल 2009 चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पितळेच्या भांड्यांचा व्यवहार आणि चिनी मातीच्या भांड्यांचा व्यवहार यांत जो फरक असतो, तो तांब्याची तार आणि काचेचा तंतू यांत आहे. खिळ्याभोवती आवळून बांधलेला, दाराच्या फटीत चेपलेला किंवा काटकोनात दुमडलेला तंतू तुटला नाही तरी प्रकाश गळू देतो. त्याच्या टोकाला बोट लावू नये, कारण बोटाचा ओशटपणा नऊ मायक्रॉनची खिडकी बुजवायला पुरेसा होतो. आणि टोकात डोकावून तर मुळीच पाहू नये, कारण त्यातला प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा असतो.

पेटी प्रथम चालू केली की दिवे काही वेळ लुकलुकतात. या वेळी घाई करून बटणे दाबीत बसण्यात अर्थ नाही. दोन-तीन मिनिटांनी ते स्थिर होतात. ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर काचेची वाट मोकळी आहे. ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाश पोचतच नाही, आणि मग घरातल्या कोणत्याही खटाटोपाचा उपयोग नसून कंपनीला कळवणे हाच उपाय उरतो. बहुतेक पेट्यांवर सापडणारा हा एवढा भेद ठाऊक असला तरी अर्धा दिवस वाचतो.

पुढची पायरी पेटीच्या अंतरंगात शिरण्याची. पेटीच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बिनतारी जाळ्याचे नाव आणि त्याचा परवलीचा शब्द छापलेला असतो. त्याने मोबाइल किंवा संगणक जोडावा, ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी त्या चिठ्ठीवरचाच अंकांचा पत्ता, बहुधा 192.168.1.1, लिहावा, म्हणजे पेटीचे स्वतःचे पान उघडते. येथे व्यवस्थापकाचे नाव आणि दुसरा परवलीचा शब्द मागितला जातो. पुष्कळ सेवांत कंपनीने दिलेले ग्राहकनाम आणि त्याचा शब्द हेही आतल्या एका पानावर भरावे लागतात. असे तीन निरनिराळे शब्द झाले, आणि गोंधळ होतो तो नेमका येथे. एक घरातल्यांनी जाळ्यात शिरण्याचा, दुसरा पेटीची व्यवस्था बदलण्याचा, तिसरा कंपनीच्या दारी ओळख पटवण्याचा. गॅसचा ग्राहक क्रमांक आणि निवृत्तिवेतनाचा क्रमांक ज्या वहीत असतात, त्याच वहीत हे तिन्ही वेगवेगळ्या ओळींवर लिहून ठेवावेत. वहीत लिहिणे असुरक्षित आहे असे सांगणारे भेटतात. परंतु हजारो मैलांवरून चोरी करणाऱ्याच्या हाती कपाटातली वही लागत नाही.

दुसरा शब्द मात्र त्याच दिवशी बदलला पाहिजे. एका जातीच्या अनेक पेट्यांना कारखान्यातून एकच शब्द मिळतो, आणि तो जगजाहीर असतो. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने अशा साठेक ठराविक जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या आणि जगभरची लाखो यंत्रे ताब्यात घेतली. 2017 च्या जुलैमध्ये भारत संचार निगमाच्या ग्राहकांकडील हजारो मोडेम अशाच एका हल्ल्याने निकामी झाले. ज्यांनी कारखान्याचा शब्द बदलला नव्हता, त्यांच्यावर तो आला. मोडेम बंद पडला तर निदान कळते तरी. त्याहून वाईट म्हणजे पेटी चालूच राहते, पण तिच्यातली वाटाड्याची पाटी फिरवली जाते, आणि बँकेचे म्हणून उघडलेले पान बँकेचे नसते.

पहिल्या शब्दाची गोष्ट नवी मुंबईत घडली आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत स्फोटांची मालिका झाली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक ई-मेल आली होती. तिचा माग काढीत पोलीस पोचले ते नवी मुंबईतील एका घरी. वाड्याचा पत्ता पत्रावर असतो, बिऱ्हाडाचा नसतो. तसेच येथे झाले. त्या घरातले बिनतारी जाळे कुलपाविना उघडे होते आणि पत्र दुसऱ्याच कोणी धाडले होते. परंतु हे ठरेपर्यंत त्या घरच्यांना चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढच्या वर्षी मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीमच हाती घेतली. म्हणून जाळ्याला कुलूप असावे, आणि तेही बऱ्यापैकी. ‘वेप’ नावाची जुनी कुलूपपद्धती 2001 सालीच निकामी ठरली. आजच्या पेट्यांत ‘डब्ल्यूपीए’ची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती असते, तीच निवडावी. शब्द लांब असावा. घरच्या सेक्टरचा आणि क्वार्टरचा क्रमांक हा भिलाईत पहिल्याच तर्कात ओळखला जाईल.

आता पेटी कोठे टांगावी, हा प्रश्न. तो वाटतो तितका क्षुल्लक नाही, आणि भिलाईत तर त्याला खास रंगत आहे. बिनतारी लहरी भिंतीतून जातात हे आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्याला दाखवले होते. एका दालनातून लहरी सोडून त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली. विटेची भिंत लहरींना थोडे थकवते, सळयांचा स्लॅब पुष्कळ थकवतो, आणि पोलादाचा सलग पत्रा त्यांना सरळ परतवून लावतो. पोलादाच्या गावात लोखंडी कपाटांना काय तोटा? पुष्कळ घरांत पेटी टांगली जाते ती नेमकी कपाटामागे, ‘दिसायला बरी दिसत नाही’ म्हणून. दुसरा शत्रू पाणी. मेमध्ये खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर म्हणजे पत्रा आणि पाणी यांचा जोडगड. त्याच्या पलीकडे अंगणात बसलेल्या माणसाचा चेहरा पडद्यावर गोठतो, आणि पलीकडून मूल विचारीत राहते, ‘बाबा, ऐकू येतंय का?’ उन्हाळ्यात इंटरनेट मंदावते अशी जी समजूत ऐकू येते, तिच्यात या कूलरचा वाटा असू शकतो. पेटी घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर असावी. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की लहरींचे बळ चौथाईवर येते.

बहुतेक नव्या पेट्या दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एक सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसरी तिच्या निम्म्याहून थोडी लहान. लांब लहर भिंती ओलांडते, पण तिच्या पट्ट्यात शेजाऱ्यांची, मायक्रोवेव्ह भट्टीची आणि इतर उपकरणांची गर्दी असते. लहान लहर वेगवान, परंतु दोन भिंतींतच दमते. पेटीच्याच खोलीत दूरचित्रवाणी असेल तर तिला दुसरी द्यावी, मागच्या खोलीतल्या मोबाइलला पहिली. या लहरींनी प्रकृती बिघडेल या भीतीने रात्री पेटी बंद करणारी घरे आहेत. पेटी लहरींवाटे साधारण वॅटच्या दशांशाएवढी शक्ती बाहेर टाकते. बंद करण्याने नुकसान नाही. लाभ झाला तर विजेच्या बिलात, तोही नगण्य.

वेगाच्या आकड्यांविषयी थोडे. सरकारी व्याख्येप्रमाणे 2004 साली सेकंदाला 256 किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड. 2013 मध्ये 512, आणि 2023 पासून किमान दोन मेगाबिट. जाहिरातीतले ‘शंभर’ हे मेगाबिट असतात, आणि संगणक फायली मोजतो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभराचे साडेबाराच दिसले म्हणून भांडायला जाण्याचे कारण नाही. साडेबाराचे दोन झाले तर मात्र संगणक एका तारेने थेट पेटीला जोडून पाहावा. तारेवर वेग पूर्ण मिळाला तर दोष घरातल्या हवेत आहे, कंपनीकडे नाही.

दुरुस्तीच्या नादात होणारा सर्वांत मोठा अपघात टाचणीने होतो. पेटीच्या पाठीशी सुईच्या अग्राएवढे एक छिद्र असते. पेटी अडली की मुख्य बटण बंद करून, अर्धा मिनिट थांबून पुन्हा चालू करावी. एवढ्याने बरेचसे अडथळे दूर होतात. परंतु छिद्रात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबले, की पेटी जन्मावेळच्या स्थितीला जाते आणि भरलेले ग्राहकनाम, परवलीचे शब्द, सारे पुसले जाते. वहीत तिसरी ओळ लिहिलेली नसेल तर मग बसवणाऱ्या मुलाची वाट पाहणे आले.

पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की पेटीची पिन काढावी. काचेतून वीज वाहत नाही, हे खरे. पण ती विजेच्या जोडणीतून येतेच. उलट, वीज गेली तरी काचेची वाट सहसा चालू असते. पेटीला लागतो तो बहुधा बारा व्होल्टचा लहानसा प्रवाह, आणि तो देणारी छोटी बॅटरी बाजारात मिळते. ज्या घरात एकटे वडीलधारे माणूस राहते, तेथे ही बॅटरी असावीच.

राहिले पाहुणे. दिवाळीत नागपूरची मंडळी उतरली, की हल्ली पाण्याच्या तांब्याआधी परवलीचा शब्द मागितला जातो, आणि तो देताना घराची मुख्य किल्लीच दिली जाते. पुष्कळ पेट्यांत पाहुण्यांसाठी निराळ्या नावाचे जाळे काढण्याची सोय असते. त्यातून बाहेरचे जग दिसते, पण घरातली इतर यंत्रे दिसत नाहीत. भाऊबीज आटोपून मंडळी परतली, की त्याचा शब्द बदलता येतो, आणि आजीच्या मोबाइलला काही कळतही नाही.