४५ पैशांचा रेल्वे विमा: टिक केलंत, पण नॉमिनी भरलात का?

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना पेमेंटच्या आधी प्रवास विम्याचा पर्याय येतो. प्रवाशामागे फक्त ४५ पैसे, म्हणून आपण न वाचताच ‘हो’ करून पुढे जातो. पण तेवढ्याने काम अर्धंच होतं.

काय मिळतं?
रेल्वे अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर ७.५ लाखांपर्यंत आणि जखमींच्या हॉस्पिटल खर्चासाठी २ लाखांपर्यंत.

काय मिळत नाही?
सामान चोरीला गेलं, गाडी लेट झाली, प्रवासात ताप आला, तर या विम्याचा उपयोग नाही. तिकीटही कन्फर्म किंवा आरएसी हवं. वेटिंगवर कव्हर नाही.

राहिलेलं अर्धं काम
बुकिंगनंतर विमा कंपनीचा एसएमएस आणि ईमेल येतो. त्यातल्या लिंकवर नॉमिनी, म्हणजे आपलं बरंवाईट झालं तर पैसे कोणाला द्यायचे, त्याचं नाव भरायचं असतं. आपण तो मेसेज जाहिरात समजून डिलीट करतो. नॉमिनी नसला तर पैसे बुडत नाहीत, पण घरच्यांना ऐन दुःखात आधी कायदेशीर वारस असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

लिंकबद्दल शंका वाटते? आयआरसीटीसीच्या बुकिंग हिस्टरीत पॉलिसी नंबर दिसतो, तो मेसेजशी जुळवून बघा. नॉमिनी भरायला कार्ड नंबर किंवा पिन लागत नाही. मागितला तर पेज लगेच बंद करा.

ग्रुपचं तिकीट मित्राने काढलं असेल तर मेसेज त्याच्याच नंबरवर जातो. गाडीत बसण्याआधी त्याला एकदा विचारा, “माझा नॉमिनी कोण टाकलायस?”