सनद सासरी चालते का?

आमच्या वहिनीच्या स्कूटीवर एमपी ०९ नंबर होता. एमपी ०९ म्हणजे इंदूर! लग्न होऊन ती पुण्यात आली तेव्हा सामानाबरोबर स्कूटीही आली, आणि पहिल्याच आठवड्यात डेक्कनच्या सिग्नलला मामांनी बाजूला घेतलं. लायसन्स पाहिलं, कागद पाहिले, सोडून दिलं. वर नीट समजावूनही सांगितलं. लायसन्स कुठल्याही राज्याचं असो, देशभर चालतं. गाडी मात्र बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवणार असाल, तर इथला नंबर घ्यावा लागतो.

वहिनीकडे आणखी एक लायसन्स होतं. वकिलीची सनद. त्याबद्दल मात्र तिला इतकं नीट सांगणारं कुणी भेटलं नाही.

इंदूरला तिनं तीन वर्षं प्रॅक्टिस केली होती. सनद अर्थातच मध्य प्रदेश बार कौन्सिलची. पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात रुजू झाली, तर पहिल्याच दिवशी ऐकायला मिळालं, ‘मॅडम, बाहेरच्या राज्याची सनद इथं चालत नाही. नव्यानं नाव नोंदवा, तोवर ड्राफ्टिंग करा.’ झालं! दावे हिनं लिहायचे, वकीलपत्रावर सही दुसऱ्याची. असे आठ महिने गेले.

त्याच घरात आमचा दादा. सीए. दोन वर्षं हैदराबादच्या फर्ममध्ये ऑडिटवर सह्या करून पुण्यात परतला, तर त्याला कुणी हटकलंसुद्धा नाही. कारण सोपं आहे. सीएंसाठी अख्ख्या देशात एकच संस्था आहे, १९४९च्या कायद्यानं झालेली. वकिलांच्या याद्या मात्र राज्यवार. (माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं बरं असतं. लायसन्सच नाही, तर चालायचा-न चालायचा प्रश्नच नाही!)

एका रविवारी पोहे खाता खाता मी सहज विचारलं, ‘‘वहिनी, पण कायद्यात काय लिहिलंय?’’

ती ओशाळून हसली. ‘‘अगं, परीक्षेला हेच कलम आलं होतं. पण नवं घर, नवं शहर, नवं ऑफिस... पहिल्याच दिवशी वाद कोण घालणार? आणि मग तीच सवय लागते.’’

मग तिनं कपाटातून पुस्तक काढलं आणि डायनिंग टेबलवरच आमचा क्लास सुरू झाला.

पन्नास वर्षांचं कलम

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१. त्यातलं कलम ३० सांगतं की, कोणत्याही राज्याच्या यादीत नाव असलेला वकील देशभरातल्या कोर्टांत वकिली करू शकतो. गंमत म्हणजे, कायदा १९६१चा, पण हे कलम लागू झालं १५ जून २०११ रोजी. तब्बल पन्नास वर्षांनी! सरकारलाच इतका वेळ लागला, तर ऑफिसातल्या लोकांना लागणारच.

कायमचं राज्य बदलायचं असेल तर कलम १८. बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अर्ज करायचा, नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत जातं. कायद्याचे शब्द आहेत, ‘कोणतीही फी न घेता’. शिस्तभंगाची कारवाई चालू असेल, तर मात्र अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

आणि ‘नव्यानं नाव नोंदवा’ हा सल्ला? कलम १७ म्हणतं, एका वेळी दोन राज्यांच्या यादीत नाव असताच कामा नये. म्हणजे वहिनीनं तो सल्ला मुकाट्यानं ऐकून दुसरीकडे नाव घातलं असतं, तर भलतंच झेंगट मागे लागलं असतं.

थोडी मेखही आहे बरं का! कलम ३४ प्रमाणे हायकोर्टं आपापले नियम करू शकतात. अलाहाबाद हायकोर्टात बाहेरच्या वकिलाला स्थानिक वकील सोबत घ्यावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये तो नियम वैध ठरवला. तेव्हा दुसऱ्या राज्यात उभं राहण्याआधी तिथल्या हायकोर्टाचे नियम जरूर वाचा.

आपल्यासाठी काय?

आज आपण सगळेच नोकरीसाठी नाहीतर लग्नासाठी शहरं बदलतो. फ्लॅट, गॅस, बँक, सगळ्याची चौकशी करतो. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्या कागदाची मात्र कुणाच्यातरी तोंडी सांगण्यावर बोळवण करतो. तुमचा व्यवसाय कोणताही असो, मूळ कायदा स्वतः उघडून वाचा. नाही समजला तर कौन्सिलकडे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

सोमवारी वहिनी ते पुस्तक पर्समध्ये टाकून ऑफिसला गेली. भांडली नाही, फक्त पान उघडून समोर ठेवलं. पुढच्याच आठवड्यात शिवाजीनगर कोर्टातल्या एका वकीलपत्रावर तिची सही झाली, खाली जुना इंदूरचा सनद नंबर. रात्री तिनं सगळ्यांना जिलबी खाऊ घातली आणि म्हणाली, ‘‘लग्नात आडनाव बदललं म्हणून सनद नाही गं बदलत!’’

ट्रान्सफरचा अर्जही तिनं पाठवलाय. स्कूटीला मात्र एमएच १२ कधीच मिळाला. सिग्नलचे मामा आता तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत!