वडिलांचे पायमोजे

पायमोजा ही वस्तु इतकी क्षुल्लक, कीं तिजवर लेख लिहावयास बसलेल्या सेवानिवृत्त शिक्षकास वाचक हंसतील, याची आम्हांस कल्पना आहे. दिवाळींत वडील माणसांस काय द्यावें हें सुचलें नाहीं, म्हणजे आपण मोजे आणतों. रंग मनास आला कीं निवड संपली. आम्हीहि असेंच करीत आलों. परंतु दोन वर्षांपूर्वीं आम्हींच आणलेल्या एका जोडीनें घरांत जो प्रसंग ओढवला, तो ज्यांच्या घरीं मधुमेह असलेलीं वृद्ध माणसें आहेत त्यांस सांगणें, हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमचे वडील बंधु अण्णा यांस मधुमेह होऊन वीस वर्षें झालीं. पथ्यास ते काटेकोर. चहांत साखर नाहीं, भाताची मूद ठरलेली. एका लग्नासाठीं आम्हीं त्यांस काळेभोर, घट्ट बसणारे नायलॉनचे मोजे आणून दिले. ते घालून अण्णा सकाळपासून रात्रीपर्यंत मांडवांत हिंडले. घरीं परत येऊन त्यांनीं मोजे काढले, तों आमची सात वर्षांची नात म्हणाली, "अण्णाआजोबा, फरशीवर रक्त कसलं?" पाहतों तों करंगळीच्या कडेचें कातडें सोलून निघालेलें. मोज्याची जाड शिवण तेथें दिवसभर घासत होती. काळ्या रंगावर रक्ताचा डाग कोणास दिसला नव्हता. अण्णा चकित होऊन म्हणाले, "दुखलं असतं तर मी बोललो नसतो का?" पुढें सात आठवडे मलमपट्टी आणि दवाखान्याच्या खेपा चालल्या. मध्यंतरीं बोट काढावें लागेल कीं काय, अशीहि भाषा निघाली. सुदैवानें बोट वाचलें. पण अण्णांचें तें वाक्य आमच्या मनांतून अद्यापि जात नाहीं.

वेदनेस आपण शत्रु मानतों. वास्तविक ती शरीराची पहारेकरीण आहे. रक्तांतील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, म्हणजे ज्ञानतंतु बिघडतात, आणि हा बिघाड बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होतो. त्याच सुमारास पायांकडील रक्तवाहिन्याहि अरुंद होत असतात. म्हणजे जखम झालेली कळत नाहीं, आणि झालेली जखम लौकर भरत नाहीं. सुश्रुताचार्यांनीं प्रमेहाची गणना आठ महारोगांत केली असून, मधुमेह्यास शरीराच्या खालच्या भागांत पिडका होतात, असें सांगितलें आहे. आधुनिक काळांत हा विषय उलगडण्याचें पुष्कळसें श्रेय डॉ. पॉल ब्रँड यांस आहे. कुष्ठरोगानें बोटें आपोआप झडतात, अशी सार्वत्रिक समजूत होती. १९४६ सालीं वेल्लोर येथें आलेल्या या शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें, कीं बरीचशी हानि दुखणें न कळल्यामुळें, रोजच्या लहानसहान इजांकडे दुर्लक्ष होऊन घडते. पुढें अमेरिकेंत त्यांनीं हेंच तत्त्व मधुमेह्यांच्या पायांसहि लागू केलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटि लोकांस मधुमेह आहे. तेव्हां ही गोष्ट परक्याच्या घरची नव्हे.

आपल्या वडिलांच्या पायांची संवेदना शाबूत आहे किंवा नाहीं, हें घरच्या घरीं पाहण्याची एक सोपी रीति २०११ सालीं इंग्लंडांतील इप्स्विच येथील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केली. वडिलांस डोळे मिटावयास सांगावें, आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलें बोट व करंगळी यांच्या टोकांस आपल्या बोटानें एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबूं नये, टिचकी मारूं नये. सहांपैकीं दोन अगर अधिक ठिकाणीं स्पर्श कळला नाहीं, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावें. सर्व स्पर्श कळले, तरीहि वर्षांतून एकदां पायांची तपासणी डॉक्टरांकडून करवून घ्यावीच.

आतां मोज्यांच्या निवडीकडे वळूं. दुकानांत प्रथम मोजा उलटा करून बोटांकडील शिवणीवरून हात फिरवावा. शिवण नसलेला अगर अगदीं सपाट शिवणीचा मोजा उत्तम. घरांत असलेल्या मोज्यांची शिवण हातास लागत असेल, तर ते उलटे, म्हणजे शिवण बाहेर करून, घालावे. दुसरें, वरचा इलॅस्टिकचा पट्टा सैल असावा. तासाभरानें मोजा काढल्यावर पोटरीवर खोल वळ उमटला, तर तो मोजा त्या पायासाठीं नव्हे. तिसरें, माप. संध्याकाळपर्यंत पाय थोडे सुजतात; म्हणून माप त्या वेळीं, उभें राहून घ्यावें. मोठ्या मोज्याच्या चुण्या पडतात, आणि चुणीहि शिवणीइतकीच घासते. चौथें, कापड. केवळ नायलॉन घाम शोषीत नाहीं; निव्वळ सूत मऊ खरें, पण ओलें झालें कीं लौकर सुकत नाहीं. सुतांत लौकर सुकणाऱ्या धाग्याचें मिश्रण असलेला, तळव्याकडे किंचित् जाड विणलेला मोजा सोयीचा पडतो. मात्र असा जाड मोजा घालून बूट आवळत असेल, तर बूटच बदलला पाहिजे. आणि पांचवें, रंग पांढरा किंवा फिकट असावा. मळेल म्हणून आपण तो टाळतों. परंतु रक्त वा पू यांची बातमी पायाकडून मिळत नाहीं, ती पांढरा मोजा देतो.

आमच्या पिढीस फाटका मोजा टाकवत नाहीं. आमच्या मातोश्री मोज्यांत लिंबू घालून टांच सुबक रफू करीत. ती काटकसर इतरत्र शोभते. पण मधुमेह्याच्या पायांत रफूची गांठ नको. मोजे रोज धुतलेले असावे; पावसाळ्यांत भिजतांच बदलावे. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. तळव्यांस तेल अवश्य लावावें, बेचक्यांत मात्र नाहीं. थंडींत पाय गार पडले, तर गरम पाण्याची पिशवी वा शेगडी जवळ न करतां मऊ लोकरीचे मोजे द्यावे. सूज उतरविणारे आंवळ मोजे निराळे; पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते घालणें धोक्याचें आहे, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचा.

आपल्या घरांत अनवाणी वावरण्याची रीत आहे, आणि नुसत्या मोज्यांनीं गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. म्हणून घरांत वापरावयाची निराळी, मऊ, मागून बंद असलेली पादत्राणें ठेवावीं. देवदर्शनास उन्हें चढण्यापूर्वीं जावें. भर दुपारीं तापलेल्या दगडांवरील प्रदक्षिणेनें तळवे पोळतात, आणि बधिर पायास तें कळत नाहीं. जेथें हरकत नसेल, तेथें मोजे घालूनच आंत जावें. देव भक्ताचे फोड मोजीत नाहीं.

तथापि उत्तम मोजा आणून दिला म्हणजे कर्तव्य संपलें, असें नव्हे. वृद्धांस वांकून आपले तळवे दिसत नाहींत, आणि दिसले तरी दृष्टि अधू. त्यांच्या पायांची वेदना गेली असेल, तर त्या जागीं घरच्या माणसांचे डोळे हवेत. एकत्र कुटुंबाचा हा लाभ कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

आमच्या घरीं हें काम नातीनें आपण होऊन घेतलें आहे. रोज रात्रीं ती अण्णांचे पांढरे मोजे उलटे करून दिव्याखालीं धरते, आंत हात घालून खडा वा धागा नाहीं ना तें पाहते, मग तळव्यांकडे वळते. पूर्वीं अण्णा पाय आंखडून घेत. लहानांनीं पाहावें असें त्यांत काय आहे, असें म्हणत. आतां जेवण झालें कीं तेच हांक मारतात, "अगं, तपासणी राहिली ना आजची!"