हिरवा नेमका कोणत्या निळ्यातून?

रंग निवडण्याआधी तो तयार करता यावा लागतो, म्हणून डिझाइनचे पहिले वर्ष बहुधा रंगचक्राने सुरू होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून या शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलांना ते चक्र नवे नसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी संकल्पचित्रे रंगवताना उष्ण, शीत, विरोधी या रंगसंगतींची नावे शाळेतच पाठ झालेली असतात. पाठ असलेले कागदावर उतरवताना पोस्टर कलरच्या बाटल्या आडव्या येतात.

लाल आणि निळा मिळून जांभळा, हे सूत्र व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लूपाशी फसते. हाती येतो तो चिखलासारखा तपकिरी. व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकलेला, प्रशियन ब्लू हिरव्याकडे. दोघांच्याही पोटात थोडा पिवळा दडलेला असतो आणि पिवळा तर जांभळ्याचा विरोधी रंग. क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घेतले की जांभळा स्वच्छ उतरतो. हिरव्याचे गणित उलटे. लेमन यलो आणि प्रशियन ब्लूचा पोपटी लखलखतो, तर गडद क्रोम यलोत अल्ट्रामरीन घातला की शेवाळी होतो. बाटलीवरचे नाव वाचून भागत नाही, रंगाचा कल ओळखावा लागतो. मिसळायचे तेही गडद रंग थेंबाथेंबाने फिक्यात, कारण प्रशियन ब्लू बशीभर पिवळा सहज गिळतो. रंगद्रव्याचा जोर डोंबिवलीकरांना वेगळा सांगायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या एमआयडीसी औद्योगिक वसाहतीतला रस्ताच रंगद्रव्याने गुलाबी झाला होता.

पुढे येतो ग्रे स्केल: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत समान अंतराच्या पायऱ्या. सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत उपयोगी सराव हाच. लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे रंगवणारा विद्यार्थी रंग विरोधी आहेत एवढेच पाहतो. दोन्हींचा गडदपणा सारखा असला तर अक्षरे वाचवत नाहीत. डोळे बारीक करून पाहिले की चूक दिसते. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर भागातली वारली चित्रे गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली, आणि तेवढ्या दोन रंगांतही गडद-फिक्याच्या फरकामुळे नाचणारा माणूस दुरून ओळखू येतो.

रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो, हा धडा त्याहून अवघड. पॅरिसच्या गोबेलँ या विणकाम कारखान्यात काळे सूत फिके दिसते अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांना दोष रंगाईत नव्हे, शेजारच्या धाग्यांत सापडला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ चा. चित्रकार योझेफ आल्बर्स यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात शेजारच्या रंगाच्या या परिणामाचे सराव मांडले. एकाच कागदाचे दोन तुकडे दोन वेगळ्या रंगांवर ठेवायचे आणि ते भिन्न भासवायचे. कात्री आणि रंगीत कागद पुरतात, पण पहिल्या झटक्यात फार थोड्यांना जमते.

एवढे साधूनही अडचणी उरतात. पोस्टर कलरची गडद छटा वाळल्यावर फिकी पडते, म्हणून कडेच्या कपट्यावर पट्टा वाळवून मगच मोठी जागा भरायची. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फारकत घेतात. मॅचिंग सेंटरमधला ब्लाउजपीस दाराशी नेऊन पाहणाऱ्या बायकांना हे कोणत्याही अभ्यासक्रमाविना ठाऊक असते. संगणकावर रंग प्रकाशाचे, छापखान्यात शाईचे. पडद्यावरचा झळझळीत हिरवा छपाईच्या निळसर आणि पिवळ्या शाईतून तेवढा उजळ निघतच नाही, आणि हे बहुतेकांना पहिला प्रूफ हातात आल्यावर कळते.