मुले सांभाळणाऱ्या घरात कुलपाची ट्रंक

धुण्याभांड्याला किंवा नाक्यावर कामाला जाणाऱ्या माता सकाळी लेकरे शेजारच्या मावशीकडे सोडून जातात. आपल्या वस्त्यांतले पाळणाघर म्हणजे हेच. दहा बाय दहाची खोली, तिच्यातच स्वयंपाक, मोरी, पलंग आणि चार-पाच मुले. ‘धोक्याच्या वस्तू उंचावर ठेवा’ हा सल्ला मोठ्या घरांना ठीक आहे. इथे पलंगावरून पिंपावर, पिंपावरून फळीवर अशी शिडीच तयार असते आणि तीन वर्षांचे पोर ती चढते. त्यापेक्षा कुलपाची लोखंडी ट्रंक बरी. किल्ली मावशीच्या गळ्यात.

ट्रंकेत आधी बाटल्या जाव्यात. रॉकेल, रंगाचे थिनर, संडासाचे अ‍ॅसिड, दारावर सुटे मिळणारे फिनेल हे सगळे आपण पाण्याच्या नाहीतर सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरतो. पोराला काय कळणार? पाण्यात कालवलेले पांढरे फिनेल तर हुबेहूब दुधासारखे दिसते. सुटे घ्यावेच लागले तर निदान पिण्याच्या बाटलीत घेऊ नका.

गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळ्या मुलांना चॉकलेटच्या गोळ्या वाटतात. त्या एका गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असते. दहा किलो वजनाच्या मुलाने दहा गोळ्यांचे एक पाकीट संपवले तर जीव धोक्यात येतो. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास बरे वाटते, आणि तिथेच घरचे फसतात. या गोळ्या बहुतेक वेळा आईच्या पिशवीत असतात, म्हणून पिशवीही ट्रंकेतच ठेवा.

उंदराची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मात्र ट्रंकेतही नको. ती खाल्लेले मूल पहिल्या दिवशी ठीक दिसू शकते, दोन-तीन दिवसांनी कावीळ होऊन यकृत निकामी होते. तिच्यावर उतारा नाही. पिंजरा लावा.

मुलाने काही प्यायलेच तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नका. रॉकेल पोटापेक्षा फुफ्फुसात गेले की जास्त घात करते, आणि उलटीच्या ठसक्याने ते तिथेच जाते. अ‍ॅसिड वर येताना घसा पुन्हा जाळते. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील विषबाधा केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७.

पाण्याचेही तेच. रांगते मूल वीतभर पाण्याच्या बादलीत डोक्यावर पडले तर बुडते. पिंपाला घट्ट झाकण हवे, रिकामी बादली पालथी हवी.

ट्रंकेचा खर्च एकट्या मावशीवर टाकू नये. जुनी ट्रंक भंगारात मिळते. ज्यांची मुले तिच्याकडे असतात त्या सगळ्यांनी थोडे थोडे काढले तर याच महिन्यात येईल.